नागपूर जिल्ह्याच्या खाणपट्ट्यातील भूजलावलंबी नदीकाठ वनस्पती

नागपूर जिल्ह्याच्या खाणपट्ट्यातील भूजलावलंबी नदीकाठ वनस्पती म्हणजे कन्हान, पेंच, कोलार, आम इत्यादी नद्यांच्या व त्यांना मिळणाऱ्या नाल्यांच्या काठावरील अशी झाडे, झुडपे व गवते, ज्यांची पाण्याची गरज काही अंशी किंवा पूर्णपणे भूजलातून भागते. अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज, कळंब, शिंदी, वाळुंज, निर्गुडी, कांस व देवनळ या त्यांपैकी प्रमुख वनस्पती होत. कोळसा व मँगनीज यांच्या खाणी कोरड्या ठेवण्यासाठी केल्या जाणाऱ्या पाणी-उपशाने परिसरातील भूजल पातळी खाली जाऊ शकते. त्यामुळे अशा वनस्पती कोठे आहेत, त्या भूजलावर किती विसंबून आहेत आणि खाणकाम सुरू झाल्यावर त्यांच्या स्थितीत काय बदल होतो, हे ठरवण्याच्या पद्धती भूजलशास्त्र व परिस्थितिकी या दोन्ही शाखांच्या अभ्यासाचा विषय आहेत. प्रकल्पापूर्वी केलेल्या तपासणीस मूल्यमापन, तर प्रकल्पकाळात व खाण बंद झाल्यानंतर वेळोवेळी केलेल्या नोंदींस सनियंत्रण म्हणतात.

व्याख्या व वर्गीकरण

ज्या वनस्पतींची मुळे भूजल पातळीपर्यंत किंवा तिच्या लगत वरच्या केशाकर्षण पट्ट्यापर्यंत पोहोचतात, त्यांना भूजलशोषी वनस्पती म्हणतात. केशाकर्षण पट्टा म्हणजे भूजल पातळीच्या वरचा असा थर, जेथे मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढून साठून राहते. वाळूत हा पट्टा काही सेंटिमीटरांचा असतो, तर गाळाच्या व चिकण मातीत तो बराच जाड असू शकतो. भूजलशोषी वनस्पतींसाठी ‘फ्रीएटोफाइट’ ही संज्ञा अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ ऑस्कर माइन्झर यांनी १९२३ मध्ये रूढ केली. १९२७ मध्ये त्यांनी भूजलाचे दर्शक म्हणून वनस्पतींचा उपयोग कसा करता येतो, यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. विशिष्ट झाडे दिसली की तेथे पाणी जवळ असते, हा अनुभव भारतीय परंपरेतही जुना आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूजलशोधावर ‘दकार्गल’ नावाचा अध्याय आहे आणि त्यात झाडे व वारुळे यांच्या खुणांवरून पाण्याची खोली सांगण्याची रीत दिली आहे.

अवलंबनाच्या प्रमाणानुसार या वनस्पतींचे साधारणपणे तीन प्रकार केले जातात.

१. पूर्ण अवलंबी : भूजल तुटल्यास त्या जागी टिकू न शकणाऱ्या वनस्पती. बारमाही झऱ्यांवरील व ओलसर डोहांकाठच्या वनस्पती या प्रकारात येतात.

२. प्रसंगी अवलंबी : पावसाळ्यात व हिवाळ्यात मातीतील ओल वापरणाऱ्या, परंतु उन्हाळ्यात भूजलावर तगणाऱ्या वनस्पती. विदर्भातील नदीकाठचे मोठे वृक्ष बहुधा या प्रकारात मोडतात.

३. अनवलंबी : केवळ पावसाच्या मुरलेल्या पाण्यावर वाढणाऱ्या वनस्पती. त्या नदीकाठी असल्या तरी भूजल पातळीतील बदलाचा त्यांच्यावर थेट परिणाम होत नाही.

एकच जात एका ठिकाणी दुसऱ्या, तर दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या प्रकारात मोडू शकते. त्यामुळे केवळ जातीच्या नावावरून अवलंबन ठरवता येत नाही. त्यासाठी त्या जागेची भूजल पातळी, मातीचा थर व मुळांची खोली यांची माहिती लागते.

भौगोलिक व भूशास्त्रीय पार्श्वभूमी

कन्हान नदी सातपुड्यात छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते व नागपूर जिल्ह्यातून वाहत जाऊन वैनगंगेस मिळते. पेंच, कोलार व नाग या तिच्या उपनद्या आहेत. उमरेड भागातून वाहणारी आम नदी आंभोऱ्याजवळ वैनगंगेस मिळते. जिल्ह्यात वर्षाला सुमारे १,००० ते १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मे महिन्यात तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. ऑक्टोबरनंतरच्या सात-आठ महिन्यांच्या कोरड्या काळात नदीपात्रातील प्रवाह आणि काठावरची हिरवाई मोठ्या प्रमाणात भूजलावर टिकून राहते.

भूजलाच्या दृष्टीने जिल्ह्याचे तीन प्रमुख भाग पडतात. पश्चिमेकडील भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. तेथे पाणी खडकाच्या भेगांत व झिजलेल्या थरात साठते. उत्तरेस व पूर्वेस ग्नाइस, तसेच सौसर समूहातील रूपांतरित खडक आहेत. मनसर, कांद्री, गुमगाव या मँगनीज खाणी सौसर समूहाच्या खडकांत आहेत. या दोहोंच्या दरम्यान व दक्षिणपूर्वेस गोंडवाना समूहाचे वालुकाश्म आहेत. त्यांतील बराकर थरात कोळसा आढळतो आणि त्याच्या वर येणाऱ्या कामठी थराला कामठी या गावाचेच नाव मिळाले आहे. कामठी वालुकाश्म सच्छिद्र असल्याने तो चांगला जलधर मानला जातो. कामठी कोळसाक्षेत्राचा बराचसा भाग नदीच्या गाळाने झाकलेला आहे.

नदीकाठच्या झाडांच्या दृष्टीने ही रचना महत्त्वाची ठरते. गाळाच्या थरातील उथळ भूजल, त्याखालचा वालुकाश्म आणि नदी हे तिन्ही जेथे एकमेकांशी जोडलेले असतात, तेथे खोल खाणीतील उपशाचा परिणाम काठावरील मुळांपर्यंत पोहोचू शकतो. मधे चिकण मातीचा किंवा पंकाश्माचा अपार्य थर असल्यास उथळ भूजल काही प्रमाणात सुरक्षित राहते. कठीण खडकाच्या भागात परिणाम सर्व दिशांना सारखा पसरत नाही. तो भेगांच्या दिशेने दूरवर जातो आणि इतरत्र जवळही जाणवत नाही.

खाणकाम

नागपूर जिल्ह्यात मँगनीजचे खाणकाम ब्रिटिश काळात सुरू झाले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मॉयल या सार्वजनिक कंपनीचे मुख्यालय नागपूर येथे आहे. १९७३ मधील कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये कोल इंडियाची उपकंपनी म्हणून वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड (वेकोलि) स्थापन झाली. तिचेही मुख्यालय नागपुरातच आहे. कामठी कोळसाक्षेत्रात गोंडेगाव, कामठी, इंदर, भानेगाव, सिंगोरी या खुल्या, तर सिलेवाडा, पाटणसावंगी, सावनेर या भूमिगत खाणींची नावे घेतली जातात. दक्षिणेस उमरेड व मकरधोकडा या खुल्या खाणी आहेत. कोराडी व खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रेही याच टापूत आहेत.

प्रमुख वनस्पती

नागपूर परिसरातील नैसर्गिक वने उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारची आहेत. या वनांत साग, ऐन, धावडा, पळस, तेंदू यांचे प्राबल्य असते, तर नदी-नाल्यांकाठी वनस्पतींची वेगळी पट्टी आढळते.

अर्जुन (टर्मिनालिया अर्जुना) हा या पट्टीतील सर्वांत ठळक वृक्ष होय. गुळगुळीत, फिकट राखाडी सालीचा हा वृक्ष ओढ्या-नद्यांच्या अगदी कडेला वाढतो. त्याची साल आयुर्वेदात वापरली जाते. पूर्व विदर्भात अर्जुन व ऐन यांच्या पानांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवल्या जातात. या रेशमास स्थानिक भाषेत कोसा म्हणतात आणि हा व्यवसाय मुख्यत्वे ढिवर समाजाच्या हातात आहे.

जांभूळ (सिझिजियम क्युमिनी) हा सदाहरित वृक्ष असून उन्हाळ्यातही त्याची पाने टिकून राहतात. उंबर (फायकस रेसिमोसा) पाण्याच्या जवळिकीची खूण म्हणून ओळखला जातो. त्याची फळे धनेश, हरियल, वटवाघळे व माकडे खातात. करंज व कळंब हे काठाच्या थोड्या वरच्या भागात आढळतात. वाळुंज (सॅलिक्स टेट्रास्पर्मा) व शेरणी (होमोनोइया रिपेरिया) या जाती पात्रातील खडकाळ, वाहत्या पाण्याच्या भागात वाढतात. निर्गुडी, शिंदी, कांस, देवनळ, पाणकणीस व लव्हाळा हे काठाच्या खालच्या स्तरात असतात.

काठाची नैसर्गिक घडी विस्कटल्यावर बेशरम, वेडी बाभूळ, टणटणी व गाजरगवत यांचा प्रसार होतो. त्यामुळे उपग्रहचित्रात हिरवे दिसणारे क्षेत्र वाढूनही मूळ वनस्पती घटलेल्या असणे शक्य असते.

खाणकामाचे परिणाम

खाणीचा तळ भूजल पातळीच्या खाली गेला की सभोवतालचे पाणी खाणीकडे वाहू लागते आणि ते सतत उपसावे लागते. त्यामुळे खाणीभोवती भूजल पातळीला खोलगट आकार येतो. त्यास उपशाचा शंकू म्हणतात. हा शंकू नदीकाठापर्यंत पसरल्यास पुढील बदल क्रमाने घडू शकतात.

प्रथम उन्हाळ्यातील पायाभूत प्रवाह, म्हणजे जलधरातून नदीत झिरपणारे पाणी, घटते. त्यानंतर प्रवाहाची दिशा उलटू शकते आणि नदीचे पाणी जलधरात जाऊ लागते. झाडांच्या बाबतीत मुळांजवळची ओल कमी होताच पानांवरील छिद्रे मिटू लागतात, वाढ मंदावते, पाने अवेळी गळतात आणि शेंड्याकडील फांद्या वाळतात. मोठे वृक्ष असा ताण अनेक वर्षे सोसू शकतात. रोपे मात्र पहिल्याच उन्हाळ्यात मरतात. म्हणून जुने वृक्ष उभे असूनही नवी पिढी तयार होत नसणे, हे ऱ्हासाचे सुरुवातीचे लक्षण समजले जाते.

पातळी किती खाली गेली याबरोबरच ती किती वेगाने गेली, हेही निर्णायक असते. घट मंद असल्यास मुळे तिच्या मागोमाग खोल जाऊ शकतात. उत्तर अमेरिकेतील कॉटनवुड या नदीकाठच्या वृक्षावरील अभ्यासात रोपांची मुळे दिवसाला सुमारे २.५ सेंटिमीटरपर्यंतच्या घटीशी जुळवून घेऊ शकतात, असे आढळले आहे. हा आकडा अर्जुन किंवा जांभळाला तसाच लावता येत नाही. प्रत्येक जातीसाठी अशी मर्यादा वेगळी शोधावी लागते.

खाणकामाचे इतर परिणामही नदीकाठावर होतात. मातीच्या ढिगाऱ्यांवरून वाहून आलेल्या गाळाने रोपे दबतात. नाले वळवल्याने जुन्या पात्राकाठची झाडे पुराच्या पाण्यापासून तुटतात. कोळशाची धूळ पानांवर बसते. गोंडवाना कोळशात गंधकाचे प्रमाण सामान्यतः कमी असल्याने आम्लयुक्त खाणपाण्याचा प्रश्न ईशान्य भारताच्या तुलनेत येथे सौम्य आहे, तरी सोडलेल्या पाण्याचा सामू व क्षारता तपासणे आवश्यक असते.

खाणपाण्याचा आच्छादक परिणाम

खाणीतून उपसलेले पाणी अनेकदा जवळच्या नाल्यात सोडले जाते. त्यामुळे एरवी हिवाळ्यानंतर आटणारा नाला बारमाही होतो आणि त्याच्या काठची झाडे भूजल पातळी घटूनही हिरवीगार राहतात. काही ठिकाणी नवीन झाडेही वाढतात. खाण बंद होऊन उपसा थांबला की हे पाणी एकाएकी तुटते. खाणीचा खड्डा भरून भूजल पातळी पूर्ववत होण्यास मात्र अनेक वर्षे लागू शकतात. या मधल्या काळात झाडांना दोन्ही बाजूंनी पाणी मिळत नाही. म्हणून खाण चालू असताना दिसणारी हिरवाई हा परिणाम नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

नागपूर परिसरात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. येथील खाणपाणी वीज केंद्रे, सिंचन व गावांचा पाणीपुरवठा यांसाठी वापरले जाते, तसेच पाटणसावंगी येथे ते शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटलीबंद केले गेले आहे. पाण्याचा असा वापर उपयुक्त असला, तरी नाल्यात जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण त्याने बदलते आणि ते बदल सनियंत्रणाच्या नोंदींत धरावे लागतात.

मूल्यमापनाच्या पद्धती

नकाशांकन

पहिल्या टप्प्यात भूजलावलंबी वनस्पती असण्याची शक्यता असलेली क्षेत्रे निश्चित केली जातात. यासाठी उपग्रहचित्रांवरून काढलेला वनस्पती निर्देशांक (एनडीव्हीआय) वापरतात. वनस्पतींची हिरवी पाने लाल प्रकाश शोषतात व निकट-अवरक्त प्रकाश परावर्तित करतात. या दोन परावर्तनांतील फरकास त्यांच्या बेरजेने भागले की निर्देशांक मिळतो. त्याचे मूल्य –१ ते +१ यांदरम्यान असते. लँडसॅट मालिकेची चित्रे १९७२ पासून, तर सेंटिनेल-२ या उपग्रहाची १० मीटर विभेदनाची चित्रे २०१५ पासून उपलब्ध आहेत.

विदर्भाच्या पानझडी वनांत या कामासाठी एप्रिल-मे हा काळ सर्वांत उपयुक्त असतो. त्या वेळी साग व पळस यांसारखे वृक्ष बहुधा निष्पर्ण असतात आणि मातीतील वरची ओल संपलेली असते. तरीही जी पट्टी हिरवी दिसते, तिला पाणी अन्य स्रोतातून मिळत असले पाहिजे. हा स्रोत भूजलच असेल असे नाही. ओलिताची शेती, कालव्याची गळती, सांडपाणी किंवा खाणपाणी यांमुळेही पट्टी हिरवी राहते. म्हणून चित्रावरील प्रत्येक पट्टीची प्रत्यक्ष पाहणी आवश्यक असते.

अवलंबनाची सिद्धता

दुसऱ्या टप्प्यात झाडे खरोखर भूजल वापरतात का, हे तपासले जाते. त्यासाठी पुढील पद्धती प्रचलित आहेत.

पातळी व मुळांची तुलना : झाडांजवळ पिझोमीटर म्हणजे निरीक्षण विंधन विहीर घेऊन भूजल पातळीची खोली मोजतात आणि नदीच्या कापलेल्या काठांवर उघड्या पडलेल्या मुळांच्या खोलीशी तिची तुलना करतात.

पहाटेचा जलविभव : सूर्योदयापूर्वी पान तोडून ते दाबकक्षात ठेवतात व देठातून पाणी बाहेर येण्यास किती दाब लागतो हे मोजतात. ही पद्धत शोलँडर व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडली. रात्रभरात झाड मुळांजवळच्या ओलीशी समतोल साधते. त्यामुळे मे महिन्यात वरची माती कोरडी असूनही पहाटेचा ताण कमी आढळल्यास झाडाची मुळे खोल पाण्यापर्यंत पोहोचलेली आहेत, असे अनुमान निघते.

स्थिर समस्थानिके : पाण्यातील ऑक्सिजन-१८ व ड्युटेरियम यांचे प्रमाण स्रोतानुसार बदलते. बाष्पीभवनामुळे वरच्या मातीतील पाण्यात जड समस्थानिके वाढतात, तर भूजलात ती कमी असतात. खोडातील पाण्याची तुलना या दोन्ही स्रोतांशी केली की प्रत्येकाचा वाटा काढता येतो. उदाहरणादाखल, मातीतील पाण्याचे मूल्य –१, भूजलाचे –४ आणि खोडातील पाण्याचे –३ आहे असे मानल्यास भूजलाचा वाटा दोन तृतीयांश येतो.

दैनिक चढउतार : झाडे दिवसा पाणी शोषतात व रात्री थांबतात. त्यामुळे उथळ भूजल पातळी दिवसा उतरते व रात्री काहीशी सावरते. १९३२ मध्ये वॉल्टर व्हाइट यांनी यावरून झाडांचा भूजल-वापर काढण्याची रीत दिली. रात्रीचा पातळीवाढीचा दर तासाला ०.१५ सेंटिमीटर, दिवसभरातील निव्वळ घट १ सेंटिमीटर आणि मातीचा विशिष्ट उत्सर्ग ०.१ मानल्यास, २४ तासांचा भूजल-वापर ०.१ × (२४ × ०.१५ + १) म्हणजे ०.४६ सेंटिमीटर, अर्थात ४.६ मिलिमीटर येतो.

उपशाच्या परिणामाचा अंदाज

तिसऱ्या टप्प्यात संगणकीय भूजल प्रतिमानाद्वारे उपशाचा शंकू कोणत्या वर्षी कोठपर्यंत पसरेल, याचा अंदाज काढतात. तो वनस्पतींच्या नकाशावर ठेवला की धोक्याची क्षेत्रे ठरतात. प्रतिमान ज्या मोजमापांवर उभे असते, त्यांत जलधराची पारगम्यता व नदीतळाची झिरप या दोन बाबी विशेष संवेदनशील असतात.

सनियंत्रण

सनियंत्रणाची रचना बहुधा ‘आधी-नंतर, बाधित-नियंत्रित’ या तत्त्वावर केली जाते. खाणीच्या प्रभावक्षेत्रातील व त्याबाहेरील, परंतु समान खडक व समान वनस्पती असलेल्या जागा निवडून दोन्हींची मोजमापे खाणकाम सुरू होण्यापूर्वी व नंतर घेतली जातात. समजा, बाधित जागी मे महिन्यातील पातळी ४ मीटरवरून ९ मीटर खोल गेली आणि त्याच काळात नियंत्रित जागी ती ५ वरून ६ मीटर झाली. नियंत्रित जागेतील १ मीटर घट पावसाच्या कमतरतेमुळे झाली असे धरले, तर खाणीशी जोडता येणारी घट ४ मीटर ठरते. नियंत्रित जागा नसती, तर संपूर्ण ५ मीटर घट एकतर खाणीच्या किंवा दुष्काळाच्या माथी मारली गेली असती.

प्रत्येक जागी सामान्यतः पुढील नोंदी घेतल्या जातात : भूजल पातळी व पाण्याची क्षारता, नदीतील प्रवाह, ठरावीक चौकटींतील झाडांची जात, छातीच्या उंचीवरील घेर व पर्णसंभाराची स्थिती, वाळलेल्या फांद्यांचे प्रमाण, रोपांची संख्या वयोगटानुसार, आक्रमक वनस्पतींचे आच्छादन, आणि त्याच ठिकाणावरून दरवर्षी घेतलेली छायाचित्रे. झाडांना क्रमांक देऊन तीच झाडे पुन्हा पुन्हा तपासली जातात.

भूजल पातळीतील बदल काही दिवसांत, पर्णसंभारातील बदल एक-दोन हंगामांत, तर झाडांचे मरण अनेक वर्षांनी दिसते. म्हणून केवळ मेलेली झाडे मोजणारे सनियंत्रण धोक्याची सूचना वेळेवर देऊ शकत नाही.

इशारा पातळ्या व उपाय

मोजमापांना अर्थ यावा म्हणून आधीच इशारा पातळ्या ठरवल्या जातात. पहिली पातळी ओलांडल्यास मोजमापांची वारंवारता वाढवतात व कारण शोधतात. दुसरी ओलांडल्यास उपाययोजना सुरू करतात. उपायांमध्ये उपशाचे नियोजन बदलणे, नदी व खाण यांमधील राखीव पट्टा रुंद ठेवणे, झिरप रोखणारी भूमिगत भिंत बांधणे, शुद्ध केलेले खाणपाणी काठाजवळ पुनर्भरण चरांतून जमिनीत मुरवणे आणि स्थानिक जातींची रोपे लावणे यांचा समावेश होतो. ढिगाऱ्यांवर किंवा अन्यत्र केलेले वृक्षारोपण नदीकाठच्या पट्टीची जागा घेऊ शकत नाही, कारण तेथील झाडांना भूजलाचा आधार नसतो.

कायदेशीर चौकट

भारतात खाण प्रकल्पांना १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पूर्वमंजुरी घ्यावी लागते. अहवालात खाणक्षेत्र व त्याभोवतीच्या १० किलोमीटर परिघातील वनस्पती, प्राणी, जलस्रोत व भूजल यांची माहिती देणे अपेक्षित असते. मंजुरीच्या अटींत भूजल पातळी व गुणवत्तेचे वर्षातून चार वेळा, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, पावसाळ्यानंतर व हिवाळा असे, सनियंत्रण करण्याची अट सामान्यतः असते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खाणींतील उपशासाठी ना-हरकत प्रमाणपत्र व निरीक्षण विहिरी यांबाबत तरतुदी आहेत. महाराष्ट्रात २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमही आहे. वनजमिनीसाठी १९८० चा वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम लागू होतो.

भूजलावलंबी परिसंस्था असा स्वतंत्र वर्ग मात्र २००६ च्या अधिसूचनेत नाही. त्यामुळे वनस्पतींची यादी व भूजल पातळीचे तक्ते एकाच अहवालाच्या दोन वेगळ्या प्रकरणांत येतात. कोणती झाडे कोणत्या पातळीवर विसंबून आहेत, हा त्यांना जोडणारा दुवा अभ्यासकाला स्वतंत्रपणे प्रस्थापित करावा लागतो.

नागपूरमधील संबंधित संस्था

या विषयासाठी लागणारे तज्ज्ञ ज्ञान व माहिती बाळगणाऱ्या अनेक संस्था नागपुरात आहेत. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) १९५८ मध्ये स्थापन झाली. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, केंद्रीय भूजल मंडळाचे मध्य विभागीय कार्यालय आणि कोळसा खाणींचे नियोजन करणाऱ्या सीएमपीडीआय या संस्थेचे प्रादेशिक केंद्र येथे आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या दीर्घकालीन नोंदी असतात. या विहिरी मुख्यत्वे गावे व शेती यांच्या पाण्यासाठी निवडलेल्या असल्याने नदीकाठच्या झाडांखालील पातळीसाठी वेगळे पिझोमीटर घ्यावे लागतात.

इतर देशांतील अनुभव

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ओवेन्स खोऱ्यातील भूजल लॉस एंजेलिस शहरासाठी उपसले जाते. इन्यो काउंटी व लॉस एंजेलिस यांच्यातील १९९१ च्या करारानुसार तेथे वनस्पतींच्या गरजेच्या तुलनेत मातीतील ओल अपुरी आढळल्यास त्या जागेशी जोडलेल्या विहिरींचा उपसा थांबवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. ऑस्ट्रेलियात पिल्बारा भागातील लोहखनिज खाणींजवळ नदीकाठच्या निलगिरी व मेलॅल्युका वृक्षांचे सनियंत्रण केले जाते. २०१२ मध्ये त्या देशाने भूजलावलंबी परिसंस्थांचा राष्ट्रीय नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. जर्मनीत गार्झवाइलर या लिग्नाइट खाणीच्या उपशामुळे धोक्यात येणाऱ्या श्वाल्म-नेट पाणथळ भागास शुद्ध केलेले खाणपाणी जमिनीत मुरवून जगवले जाते.

अडचणी व मर्यादा

नागपूर परिसरात नदीकाठच्या वनस्पतींवर खाणकामाखेरीज अनेक घटकांचा प्रभाव पडतो. पेंच नदीवर तोतलाडोह व नवेगाव खैरी येथे धरणे आहेत. मध्य प्रदेशातील चौराई धरणामुळे तोतलाडोहाकडे येणारा प्रवाह घटला आहे. नाग नदीतून शहराचे सांडपाणी कन्हानकडे वाहते. वाळू उपशामुळे पात्राचा तळ खचतो आणि तळ खचला की काठाखालील भूजलही खाली उतरते. शेतीच्या विहिरी, वीटभट्ट्या, वृक्षतोड व चराई यांचाही परिणाम होतो. या सर्वांतून खाणीचा वाटा वेगळा काढण्यास दीर्घकाळाच्या नोंदी लागतात.

दुसरी अडचण आधाररेषेची आहे. जेथे अनेक दशके खाणकाम चालू आहे, तेथे खाणपूर्व स्थितीची मोजमापे उपलब्ध नसतात. अशा वेळी जुनी उपग्रहचित्रे, स्थलदर्शक नकाशे, जुन्या विहिरींच्या नोंदी आणि परिसरातील शेतकरी, ढिवर व गुराखी यांच्या आठवणी यांवरून पूर्वस्थितीची मांडणी करावी लागते. कोणता डोह मे महिन्यापर्यंत टिकत असे, कोणत्या नाल्यावर उंबरांची रांग होती, कोणत्या वर्षापासून विहीर खोल करावी लागली, या माहितीची पडताळणी इतर पुराव्यांशी करता येते.

महत्त्व

नदीकाठची झाडे काठाची धूप रोखतात, पाण्यावर सावली धरून त्याचे तापमान कमी ठेवतात आणि शेतातून वाहून येणारा गाळ अडवतात. उन्हाळ्यात जेव्हा भोवतालचे वन निष्पर्ण असते, तेव्हा ही पट्टी वन्यजीवांना निवारा व अन्न पुरवते. जिल्ह्याच्या उत्तरेस पेंच व्याघ्र प्रकल्प, तर दक्षिणपूर्वेस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य असल्याने खाणपट्ट्यातील नद्या व नाले यांच्या हिरव्या काठांना प्राण्यांच्या वावराच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. जांभूळ, करंजाच्या बिया, शिंदीची पाने, मासे व औषधी साली यांवर अनेक कुटुंबांची पूरक उपजीविका अवलंबून असते. मोठा अर्जुन वृक्ष वाढण्यास अनेक दशके लागतात. त्यामुळे तो एकदा वाळल्यावर खाणीच्या आयुष्यात त्याची भरपाई होऊ शकत नाही. झाडे मरण्यापूर्वी मिळणारा इशारा हेच सनियंत्रणाचे मुख्य प्रयोजन मानले जाते.

हे सुद्धा पहा

कन्हान नदी
पेंच नदी
वैनगंगा नदी
कामठी
उमरेड
वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड
मॉयल
अर्जुन (वृक्ष)
टसर रेशीम
भूजल
पर्यावरणीय आघात मूल्यांकन